शर्यतीचे पॅड

१० जानेवारी १९८८, रविवार
दुसरी आली! मंजिरी शर्यतीत दुसरी — सगळ्या पुरुषांत! संध्याकाळी जिप्सी घेऊन थेट माझ्या शेडवर. मागोमाग तिचे यजमान विलासराव, एअर फोर्सचे साहेब, पेढे घेऊन. मंजिरी म्हणाली, "काका, काय ब्रेक लावून दिलेत हो! पक्की जादू!"

जादू कसली. मीच बसवलेले शर्यतीचे टणक ब्रेक-पॅड. तव्यासारखे असतात ते — तापले की काम. गार असताना कितीही दाबा, गाडी आपली पुढेच.

तापून चाकांच्या डिस्क, ज्यांना पॅड चिमटतात त्या, निळ्या पडल्यात. आजच घासून साधे मऊ पॅड घालायला हवे होते. पण गप्पा रंगल्या, आणि खरं सांगायचं तर काढवेनात, इतके सुरेख बसलेत. म्हटलं, मंगळवारी आणा.

१२ जानेवारी
विलासरावांना गोळी लागली.

पहाटे ड्यूटीला निघाले होते. धुकं. घरापासून दोन मिनिटांवर नाका. जवानानं टॉर्च दाखवला, यांनी ब्रेक दाबला, गाडी रस्त्यावरचा आडवा दोर तोडून पुढे! अतिरेक्यांच्या भीतीनं हल्ली नाक्यावर न थांबणाऱ्या गाडीला कोण विचारत बसतंय? खांद्यात लागली. जीव वाचला.

पॅड गार होते. मी त्यांना सांगितलं नव्हतं. एक शब्द नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. सुमननं तिळगूळ पुढे केला, मी हात लावला नाही. बायको आहे, ओळखते.

१५ जानेवारी
पोलिसांनी पंचनामा करून गाडी सोडली. मंजिरीनं काच बसवायला माझ्याकडेच पाठवली. "तुमच्याशिवाय कुणाला देऊ, काका? आणि ब्रेकही बघाल ना?"

शटर ओढलं. टणक पॅड काढून गोणपाटात गुंडाळले. डिस्क लेथवर लख्ख केल्या. मऊ पॅड घातले. साठवरून दहावर, दहा वेळा ब्रेक मारून नीट बसवलेसुद्धा! चोराला एवढी टापटीप कशाला?

१९ जानेवारी
हवाई दलाच्या चौकशीत गाडी तपासली. ब्रेक उत्तम! म्हणजे विलासरावांनी मुद्दाम नाका तोडला. बढती गेलीच, आता नोकरीवर बेतलंय.

मंजिरी शेडवर रडली. "गाडी पळवायचं वेड माझं हो. ते तर चाळीसच्या वर जात नाहीत. दाबला म्हणतात, तर दाबलाच असणार."

मी चहा पुढे केला. चहा!

२० जानेवारी
सुमनला सगळं सांगितलं. "मला काय सांगताय? तिला सांगा."

२१ जानेवारी
गेलो. दारातच सांगितलं — दोन्ही वेळचं. आधी काढले नाहीत ते, आणि मग गुपचूप काढले ते.

तिनं दार अर्धं लोटलं. मग म्हणाली, "आप जाइए." या परमुलखात पाच वर्षांत माझ्याशी कधी मराठी सोडून हिंदीत बोलली नव्हती.

तिथून तसाच चौकशीच्या साहेबांकडे गेलो. हसले. "बाबाजी, दोस्ती निभा रहे हो?" म्हटलं, माझ्यावर विश्वास नको, गाडीवर ठेवा; जुने पॅड घालून चालवून दाखवतो.

२३ जानेवारी
पहाटे तोच नाका. तेच टणक पॅड, गोणपाटातून काढून पुन्हा घातलेले, गारठलेले. बंदुका खाली करायला लावल्या होत्या. चाळीसनं आलो, टॉर्च दिसताच अंगातला सगळा जोर पायात आणला. गाडी थांबली ती दोराच्या पुढे अठरा पावलं. साहेबांनी स्वतः मोजली.

"बदले किसने थे?"

"मैंने."

लिहून घेतलं. मी सही केली. विलासराव सुटले.