सरळ चार इस्पिक

अण्णा, रविवारी अलिबागला आम्ही ब्रिजची टीम-फायनल जिंकलो. शेवटच्या डावात मी चार इस्पिक बोलले आणि वहिनींनी ते करून दाखवलं. निकाल आधीच सांगून टाकला, कारण मी कुठलीही मॅच पहिल्या डावापासून सांगायला घेतली की तुम्ही मध्येच तोडायचात, "जिंकलात की हरलात ते बोल आधी!"

मला नागावचं आपलं स्वयंपाकघर आठवतं, माझ्या पहिल्या टीम-मॅचच्या संध्याकाळचं. तुम्ही माझे पार्टनर, आणि मी भीतभीत तीन इस्पिकवर, नऊ हातांच्या बोलीवर, थांबले होते. हात झाले दहा, म्हणजे चारचा गेम झाला असता. पण बोललाच नाही तर गेमचं बक्षीस कोण देणार? दुसऱ्या टेबलावर त्याच पानांवर समोरच्या टीमनं चार बोलून मॅच नेली.  घरी आल्यावर सदरासुद्धा न बदलता खवणीवर बसलात आणि सगळा राग नारळावर काढत म्हणालात, "अगो, अर्ध्या माडावर चढून कुणाला नारळ मिळालाय?" आई म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढं तरी कळतं तिला." "ते बाजारात! टीममध्ये गेम बोलून बुडाला तर थोडं जातं, होणारा गेम बोललाच नाही तर भलंमोठं जातं. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पत्त्यात तिला कोण विचारतो?" असा राग आला होता ना मला तुमचा! आणि तुम्ही ओल्या खोबऱ्याची पहिली मूठ गूळ घालून माझ्याच हातावर ठेवलीत.

आता माझ्यासमोर वहिनी बसतात. शेजारच्या वाडीतल्या, होमस्टे चालवतात. पाहुण्यांना खायला घालताना हात सैल, बोली मात्र मापून. मागच्या दोन मॅच माझ्या चढ्या बोलीनं गेल्या होत्या. रविवारी हॉलच्या पायऱ्या चढतानाच त्या म्हणाल्या, "ताई, आज बुडवलंत तर आपली जोडी संपली. दुसरी पार्टनर बघा." त्या बोलतात ते करतात, अण्णा. आणि त्यांच्यासारखं पान खेळणारं माणूस मला या किनाऱ्यावर कुठे मिळणार?

शेवटचा डाव. वहिनी एक इस्पिक बोलतात. माझ्याकडे इस्पिकं चार, किलवर एकच, मोठी पानं बेताची. शहाणं माणूस तीन बोलून पार्टनरला विचारेल. मी बोलीच्या पेटीतून चारचं कार्ड काढून सरळ समोर ठेवते. वहिनी चष्म्यावरून बघतात. टेबलावर बोलायला बंदी म्हणून वाचले. मी डमी, पानं मांडायची आणि गप्प बसायचं. तीन हात जातात. चौथा गेला की गेम गेला आणि जोडीही. हुकमाच्या इस्पिकचा राजा अजून बाहेर, तो वहिनींच्या उजवीकडे असला तरच तरलो. वहिनी माझ्याकडचं लहान इस्पिक मागतात, उजवीकडची बाई लहान पान टाकते, वहिनी राणी लावतात. डावीकडून दुर्री, म्हणजे राजा उजवीकडेच! माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या टेबलावर समोरची टीम तीनवर थांबली होती, तिथेच मॅच आमची झाली.

चहा पिताना वहिनींनी विचारलं, "आणि राजा डावीकडे असता तर?" म्हटलं, "बुडालो असतो. आणि पुढच्या वेळी पुन्हा चारच बोलले असते." "कठीण आहे बाई तुमचं!" म्हणाल्या, आणि पुढच्या मॅचला कितीला निघायचं ते विचारलं.

हे पत्र पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही अख्ख्या आळीला सांगत सुटला असतात, "माझी लेक, माझ्या हाताखाली शिकलेली!" शिकले खरीच, आणि तुमची आठवण फार येते. पण ते कार्ड काढताना, अण्णा, तुम्ही मनातसुद्धा आला नाहीत.