डाव संपेपर्यंत

बाबा,

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुमच्याशी बोलते आहे, म्हणजे ती अडचण निदान माझ्यापुरती मिटली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या तिथीला तुमचा एखादा मित्र आठवणीने फोन करतो आणि म्हणतो, काय माणूस होता, बसला की बैठक रंगायचीच. मी "हो काका" म्हणते आणि फोन ठेवल्यावर दातओठ खात स्वयंपाकघरात जाते. यंदा ते काका पुढे म्हणाले, "आणि ती पातेल्याची गोष्ट, आठवते ना गं तुला? हसून हसून पोट दुखायचं." मला आठवते. तुम्ही सांगायचात तशीही आठवते आणि घडली तशीही आठवते. घडली तशी ती तुम्हाला कुणी कधी ऐकवली नाही, म्हणून आज लिहायला बसले.

सत्तरच्या दशकाच्या मधली वर्षं होती. तुम्ही बहारीनच्या विमानतळावर कामाला, म्हणून आपण तिथे मुहर्रकला राहायचो. तुम्ही पाच मित्र चिपळूणच्या एकाच शाळेतले. एकाने व्हिसा पाठवून दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे सगळे बहारीनला जमलेले. सुट्टी लागली की पाचही जणांना पुन्हा शाळेतली पोरं होण्याचा झटका यायचा. त्या वर्षी बकरी ईद थंडीत आली आणि तुम्ही ठरवलंत, रोज एक बेट करायचं. पहिल्या दिवशी नबी सालेह, तिथे खजुराची झाडं आणि गोड्या पाण्याचे झरे. दुसऱ्या दिवशी मुहर्रकच्या पलीकडचं एक खडकाळ बेट, जिथे धड बसायला जागा नव्हती आणि सगळ्यांचे तळवे कालवांनी कापले. तिसऱ्या दिवशी ते वाळूचं. बेट कसलं, ओहोटीला समुद्रातून वर येणारा पांढरा पट्टा. भरती आली की परत पाण्याखाली. दोन लाँच ठरवल्या होत्या, एक पुरुषांची, एक बायकामुलांची. पुरुषांनी डुंबायचं, गाणी म्हणायची, पत्ते कुटायचे. बायकांनी घरून स्टोव्ह, पातेली, तांदूळ आणि सोललेली कोळंबी घेऊन यायचं आणि वाऱ्याला पाठ करून स्टोव्ह पेटवत बसायचं, ही त्यांची सहल. तिसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत आईचे पाय घोट्याच्या वर भिजले नव्हते. खाडीकाठी वाढलेली बाई ती, लहानपणी भरतीत पोहून पलीकडे जायची. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून "यल्ला, या रे सगळे" म्हणून ओरडायचात आणि त्याच्यापुढे एक पाऊल टाकायचा नाहीत.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली, पाणी चढायला लागलं, तसा लाँचवाला नाखवा हातवारे करून घाई करू लागला. बायकांची लाँच आधी निघाली. सकाळी येताना तिच्यात धुराने मी ओकले होते, म्हणून परतताना मला तुम्ही तुमच्या लाँचमध्ये घेतलंत. आई बेटाच्या दुसऱ्या टोकाला कोळंबीभाताचं मोठं पातेलं वाळूने घासत होती. भात खाली लागला होता आणि खरकटं भांडं घरी न्यायचं नाही हा तिचा नेम. बायकांना वाटलं, मुलगी बापाबरोबर आहे म्हणजे हीसुद्धा तिकडेच असणार. पुरुषांना बायकांबद्दल काही वाटायचा प्रश्नच नव्हता. स्टोव्ह चढवला का, हे मात्र तुमच्यापैकी दोघांनी विचारलं होतं.

लाँच निघाली आहे. तुम्ही चौघे ताडपत्रीखाली चटईवर मेंढीकोट खेळताय, पाचवे काका बघताहेत. चारही दश्श्या एकाच जोडीने ओढल्या की समोरच्यांवर कोट, आणि तीन तुमच्याकडे आल्यात. तुमचा चेहरा आनंदाने लाल झालाय. मी सहज मागे बघते. पांढरा पट्टा बारीक झालाय आणि त्याच्या टोकाला हिरवं लुगडं दिसतंय. मी तुमच्या कानाशी येऊन सांगते, "बाबा, आई राहिली." इंजिनाच्या आवाजात ते दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही. तुम्ही अर्धवट उठता, ताडपत्रीबाहेर डोकं काढता आणि मागे बघता. नीट बघता. मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते, त्यामुळे दिसलं नसेल गं त्यांना, असं मला कुणी सांगायला येऊ नये. मग तुम्ही खाली बसता आणि दबक्या आवाजात म्हणता, "गप बस जरा. एवढा डाव होऊ दे."

डाव झाला. चौथी दश्शी पडली, तुम्ही मांडीवर थाप मारलीत, मित्रांनी तुम्हाला प्रेमाने शिव्या घातल्या. त्यानंतर तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत आणि कपाळाला हात लावलात. "अरे, आमची कुठाय? आमची राहिली की रे!" गणपतीतल्या नाटकात तुम्ही काम करायचात हे मला ठाऊक होतं, पण इतकं चांगलं करायचात हे त्या दिवशी कळलं.

परत गेलो तेव्हा वाळू दिसतच नव्हती. आई मांड्यांपर्यंत पाण्यात उभी होती, पातेलं कडेवर धरून. रडत नव्हती, ओरडत नव्हती. नाखव्याने तिला हात देऊन वर घेतलं आणि तुमच्याकडे बघून अरबीत काहीतरी बोलला. अरबी तुम्हा सगळ्यांना येत होतं, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. तुम्ही सगळ्यांदेखत आईवर खेकसलात, "कुठे कडमडली होतीस? सगळ्यांचा खोळंबा केलास." मित्र गप्प झाले. ते गप्प झाले म्हणून तुम्ही घाबरलात, आणि घाबरलात की तुम्हाला विनोद सुचायचा. "बाकी पातेलं आणलंस हे बरं केलंस. बायको दुसरी मिळेल, एवढं पातेलं इथे कुठे मिळायचं?" हशा पिकला. आईने पदर पिळला आणि एका बाजूला जाऊन बसली.

तिथून ती गोष्ट सुरू झाली. मुहर्रकला सांगितलीत, सनाबिसला सांगितलीत, सुट्टीवर गावी गेलो की लग्नाच्या पंगतीत सांगितलीत. दर वेळी ती थोडी सुधारायची. त्यातून आधी पत्ते गेले, मग मी गेले, आणि उरला तो एक विसरभोळा, भला माणूस, जो मित्रांच्या नादात बायको विसरून आला. विसरभोळा माणूस सगळ्यांना आवडतो. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली की बायका विचारायच्या, "वहिनी, खरंच का हो?" ती म्हणायची, "हो ना. पातेलं आहे अजून." पुन्हा हशा. मी दारात उभी राहून तुमच्याकडे बघायचे. मी तुमच्यावर डूख धरला तो तेव्हापासून. आईला मात्र काही सांगायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं. नवरा आपल्याला विसरला, एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढंच पुरे होतं. त्याने आपल्याला पाहिलं आणि तरी पान टाकलं, हे तिला कळलं असतं तर ती कशी जगली असती, असं मला वाटायचं. म्हणजे तिचं उट्टं काढायचं ते मीच, तिला न सांगता.

एकदा काढलंसुद्धा. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. रिफाला तुमच्या एका मित्राने नवं घर घेतलं होतं, तिथे बैठक जमली. कुणीतरी फर्माईश केली आणि तुम्ही पाण्याचा घोट घेऊन सुरू झालात. पातेल्यापर्यंत आलात तेव्हा मी म्हटलं, "बाबा, डावाचं सांगा ना. ते गाळता तुम्ही नेहमी." तुमच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे वाळलं. मित्राने विचारलं, "कसला डाव?" तुम्ही म्हणालात, "काही नाही रे, पोरगी काहीतरी बरळते," आणि गोष्ट कशीबशी आटोपलीत. कोणी फारसं हसलं नाही. परतताना आई मागच्या सीटवर झोपली होती. तुम्ही गाडी चालवता चालवता म्हणालात, "तू लहान होतीस तेव्हा. तुला काय आठवणार?" मी म्हटलं, "चौथी दश्शी चौकटची होती." पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला जपानी टेपरेकॉर्डर आणून दिलात, जो मी वर्षभर मागत होते. मी तो घेतला. आभार मानले नाहीत, आणि तुम्ही ड्यूटीवरून येऊन आडवे झालात की मोठ्याने लावायचे.

तुमच्या शेवटच्या आजारात एक गोष्ट घडली, जी मला तेव्हा कळली नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, मनामाचं हॉस्पिटल, दुपारची वेळ. आई खाली डबा गरम करायला गेली होती. तुम्ही नाकातली नळी बाजूला करून मला म्हणालात, "तुझी आई मला हाक मारत नाही गं. किती वर्षं झाली." मला वाटलं, तापाची बडबड. पण खरंच, घरात मला सतत तेच काम असायचं. बाबांना जेवायला बोलाव. बाबांना विचार, चहा ठेवू का. बाबांना म्हणावं, फोन आहे. तुम्ही म्हणालात, "तिला सांग, एकदा हाक मार म्हणावं." ती वर आल्यावर मी सांगितलं. तिने टॉवेलची घडी केली, तुमच्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, "झोपू दे त्यांना." दोन दिवस ती तुमचं सगळं करत होती, तोंडातली लाळ पुसण्यापासून. हाक तेवढी मारली नाही. तुम्ही तसेच गेलात.

आता ऐका, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी मनामाला एका बँकेत लागले आणि आईला गावाहून व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. तिच्या जुन्या मैत्रिणी, म्हणजे तुमच्या मित्रांच्या बायका, तिथेच होत्या. सगळ्या जाड झाल्या होत्या, गॉगल लावत होत्या आणि कुणाला जुमानत नव्हत्या. त्यांनीच ठरवलं, एक दिवस फक्त बायकांनी बेटांवर जायचं. नबी सालेहला आता रस्ता झाला होता, तिथे लाँचने जाण्यात मजा नव्हती. ते खडकाळ बेट केलं आणि मग ते वाळूचं. या खेपेला कुणी स्टोव्ह आणला नव्हता. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरून आणली होती, खाऊन डबे तसेच पिशवीत टाकले. आई साडी खोचून पाण्यात शिरली आणि तासभर पोहत होती. बाहेर आली तेव्हा मी तिच्याशेजारी वाळूत बसले आणि पहिल्यांदाच विचारलं, "त्या दिवशी तू हाक का नाही मारलीस?"

"काय मारायची? अहो म्हटलं असतं तर पाचही जण वळले असते. नाव घेऊन हाक मारायची सोय होती का आम्हाला?"

"पाच जण वळले असते तर त्यांत बाबाही असते की."

ती पायावरची वाळू झटकत म्हणाली, "ते वळलेच होते. उठले, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली बसले. मी हात वर करणार होते. मग म्हटलं, राहू दे."

मी इतकी वर्षं जे तिच्यापासून लपवलं, ते ती इतकी वर्षं माझ्यापासून लपवत होती, बापाविषयी पोरीचं मन विटू नये म्हणून. मी विचारलं, "आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"त्यांना गोष्ट सांगायची होती, त्यांनी सांगितली. मी त्या दिवसापासून त्यांना हाक मारली नाही. त्यांना कळायला दवाखाना लागला, त्याला मी काय करू?"

मग ती उठली. पाणी चढत होतं, लाँचमधून मैत्रिणी बोलावत होत्या. ती चालत त्या टोकाला गेली, जिथे तेव्हा उभी होती, आणि तिने तुम्हाला हाक मारली. अहो नाही. तुमचं नाव घेऊन, एकेरी, पुढे "अरे" लावून, गोठ्यातल्या गड्याला मारावी तशी खणखणीत. दोनदा मारली. लाँचमधल्या बायका तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या, मग त्यांतली एक खुदकन हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या. आई हसली नाही. थोडा वेळ थांबली, मग चपला हातात घेऊन परत आली.

हे तुम्हाला कळायला हवं होतं, बाबा. तिने पाहिलं होतं. तुम्ही समजत होता, फक्त पोरीला माहीत आहे आणि पोरीचं तोंड टेपरेकॉर्डरने बंद झालं आहे. ज्या माणसासमोर तुम्ही वर्षानुवर्षं विसरल्याचं सोंग केलंत, तोच प्रेक्षक पहिल्यापासून खरं काय ते जाणून होता आणि चहाचा ट्रे घेऊन तुमचं नाटक बघत होता. हे ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असता ते मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणते, आणि मला बरं वाटतं. अजूनही वाटतं.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, पण असता तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही ते मित्रांच्या बैठकीत वाचून दाखवलं असतंत, आईच्या हाकेपाशी आवाज चढवला असतात, मध्येच थांबून पाणी प्यायला असतात, आणि सगळ्यांना हसवलं असतंत. आणि मला भीती आहे की दारात उभी राहून ऐकताना मीही हसले असते.