रुंद टायर आणि सासूबाई
रविवार, लातूर

आज टायर बसवले एकदाचे. जुनी का असेना, माझी दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आहे! चाकं कंपनीचीच ठेवायची, पण टायर मात्र रुंद हवेत, हा माझाच हट्ट.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, या रिमवर एक साईज रुंद निवांत बसतो. दोन साईज घेतला की मडगार्डला घासतो बघा."

मला दोनच हवे होते. दिसायला लई भारी! त्यानं मागच्या चाकांना लावून दिले. मी चक्कर मारली, कुठेच आवाज नाही. जिंकलेच म्हणायचं.

तेवढ्यात दुकानात माझ्यासोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "थांब, मी मागं बसते." त्यांना निलंग्याला बहिणीकडे सोडायचं होतं. त्यांच्यासकट गतिरोधकावरून गेले आणि घस्स! भास झाला का? परत गेले. परत घस्स.

"काय वाजलं गं?"

"काही नाही, आई."

"खोटं बोलू नको. माझं वजन वाजलं!" आणि स्वतःच पोट धरून हसल्या.

मग मुकाट दुकानात परत जाऊन एक साईज रुंद घेतले. निलंग्याला जाताना गाडी वळणाला रस्ता इतका घट्ट धरून चालली की मला हट्ट सोडल्याचं दुःखच होईना. आई तर मागून म्हणत होत्या, "अजून जरा पळव की!"

मावशींच्या दारात पोचलो तर आई उतरायलाच तयार नाहीत. "तिलाच बोलव बाहेर. एक चक्कर मारू."

मावशी भाकरी थापत होत्या. तशाच आल्या. सीटवर त्यांच्या पिठाचे पंजे उमटलेत. पुसावेसेच वाटेनात.