त्याच जागी उठणारा ढीग

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, हसू नकोस. ठमीला दोन दात आलेत. दिसेल ते चावते.

तू लॅबमधून गेलास, पण मी अजून तिथेच झाडू मारते. तुझ्या खुर्चीवर नवा माणूस बसतो. तू शिकवलं होतंस ना, किरणोत्सर्गी वस्तूतून किरण आला की मशीनमध्ये ठोका पडतो. जेवढा जोर, तेवढी ठोक्याची उंची. सारख्या उंचीचे ठोके पडद्यावर एका जागी साठतात, त्यांचा ढीग होतो, आणि ढिगाची जागा बघून कळतं कोण आलंय. मी म्हटलं, म्हणजे पावलांवरून माणूस ओळखायचा. किती हसला होतास!

मग तो नको तिथला ढीग उठायला लागला. सकाळी मी ठमीला कडेवर घेऊन झाडायला आले की उठायचा. तू चिडवायचास, मशीनला भाची आवडते म्हणून. साहेब म्हणाले, दोन ठोके एकदम पडले की मशीन त्यांना एकच मोठा समजतं, ढीग खोटा आहे, तुला मशीन लावताच येत नाही. तू म्हणालास, खराच आहे. शब्दाला शब्द वाढला आणि तुला घरी बसवलं.

परवा नव्या माणसाने शिशाची पेटी उघडली. आत लाल बटणं, मशीनचं माप जुळवायची, किरण सोडणारी. एक खळगा रिकामा. त्याने एक बटण मशीनपुढे ठेवलं आणि ढीग उठला. त्याच जागी.

दादा, तसलं बटण मला टेबलाखाली सापडलं होतं. भोकं नव्हती, वाटलं कुणाच्या तरी खेळण्यातलं असेल. पावडरच्या डबीत घालून ठमीला खुळखुळा केला. रोज कडेवर ती, तिच्या हातात तो. आता अंगणाच्या टोकाला डबीवर बादली पालथी घातलीय. तरी भांडी घासताना ठोक्यांची टकटक ऐकू येते. नळ बंद करते, तरी येते.

डबीचं झाकण सैल झालं होतं. बटणाची कड कुरतडलेली आहे. तुकडा सापडत नाही.

साहेबांपुढे एकटीने जायला पाय उचलत नाही. खोटा ढीग म्हणतील आणि मोकळे होतील. तू आजच ये. दोघं जाऊ, मी सगळं कबूल करते. डबी लांब ठेव आणि ठमीला एकटीला मशीनपुढे बसव. मी पडद्याकडे पाठ करून तिचे पाय धरते. तू बघ. आणि ढीग उठला, तर दादा, माझ्यासाठीसुद्धा त्याला खोटा म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी