चाळीस प्रश्नांना दोनशे बाया

अम्मा, थकले मी. तुझी नात कॉलेजात अभ्यास करते, आपल्या तेलुगू घरातल्या बाया मराठी कशा शिकल्या त्याचा. फॉर्मवर चाळीस प्रश्न. बोलताना भीती वाटते का, लाज वाटते का; एक ते पाच आकडे, पाच म्हणजे फार; एकाला गोल करायचा. कुठले प्रश्न एकमेकांना धरून चालतात ते ती कॉम्प्युटरवर बघणार. म्हटलं, वीस बाया बास की. तर म्हणते, "आई, थोड्या माणसांत कुठलेही प्रश्न योगायोगानं जोडीनं चाललेले दिसतात. एका प्रश्नामागं पाच तरी बाया पाहिजेत." तिचे सर म्हणतात, पाचच असं काही नाही, उत्तरं एकमेकांना घट्ट धरून असली तर कमीतही भागतं. पण घट्ट का सैल, आधी कळतंय कुणाला? म्हणून दोनशे.

बिडी कारखान्यात फॉर्म मीच फिरवले. बाया पानं कापता कापता म्हणायच्या, "सगळ्याला तीन टाक गं, जा." पाय दुखले, वैताग आला. शेवटचे वीस मी घरी चुलीपुढं बसून भरले. सगळ्याला तीन.

पोरीनं गठ्ठा चाळला, वीस बाजूला काढले. ओरडली नाही. "दोनशे दिसून काय करू, आई?" एवढंच. तिचं काम सहा महिने लांबलं.

तू पण ओरडत नव्हतीस. तिसरीतनं शाळा सुटलेली, मी तुझ्याशेजारी बसून बिड्या वळतेय. जुडीच्या मधोमध बिनतंबाखूच्या चार घालते. तू जुडी सोडतेस, रिकामी बिडी माझ्या हातावर ठेवतेस. "चेकर फसंल. ओढणारा फसंल का?" आणि सगळ्या परत वळायला लावतेस.

आता परत दारोदार फिरतेय, वीस बायांसाठी. पण त्या वीसांखेरीज मी भरलेला आणखी एक फॉर्म पोरीला सापडला नाही. तू आता नाहीस, तरी तो तुझ्या नावानं भरलाय, एकेका प्रश्नाला थांबून. रेशनच्या रांगेत बोलायची भीती, पाच. मास्तरांपुढं लाज, पाच; शाळेतनं माझं नाव काढायला आलीस तेव्हा दाराबाहेरच उभी राहिलीस, ते बघितलंय मी. शेवटी होतं, अजून शिकावंसं वाटतं का. तिथं पेन अडला. चार टाकले.

तो फॉर्म काढायला पाहिजे, माहीत आहे. अजून सांगितलं नाही तिला. बाकीचं सगळं मी बघितलेलं होतं, अम्मा. ते चार तेवढे माझ्या मनानं टाकले. तुला विचारलंच नव्हतं कधी.