काळं नळकांडं

पिंपळगाव राजा, रविवार संध्याकाळ

उद्यापासून एम. ए. इंग्रजीचे वर्ग. आज बाबांनी खामगावहून माझ्यासाठी काळं प्लास्टिकचं नळकांडं आणलं. मेकॅनिकलची मुलं ड्रॉइंगचे कागद गुंडाळून खांद्याला लटकवतात, तेच. बसमध्ये त्यांनी कॉलेजची पोरं तेवढीच पाहिलेली. वाटलं असेल, कॉलेज म्हटलं की हे लागतंच.

मी म्हटलं, "बाबा, इंग्रजीले हे लागत नाही."

"मंग काय लागते?"

"पुस्तकं. वाचा लागते."

"अन् वाचून?"

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "वाचून झालं की भाकरी कराच्या."

बाबा हसले नाहीत. नळकांडं परत पिशवीत घालू लागले. घरातली पहिली पदवीधर मी. इथल्याच पोरींना शिकवायचं, हे मनात किती दिवसांपासून आहे. पण घरात कधी बोललेच नाही.

शेवटी जेवताना बोलले. "मले शिकवाचं हाये. इथल्याच पोरीइले."

बाबांनी घास संपवला. "मंग राहू दे ते नळकांडं. शाळेत तक्ते न्याले कामी येईन."

आता ते खुंटीला टांगलंय, माझ्या ओढणीशेजारी.