उद्याची भाकरी

टूवूंबा,
५ एप्रिल २०२०

ती. सौ. चित्राताईस,
सारंगचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून आधी हसून घे. फोनवर तू मध्येच रागावतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. कोरोनामुळे आपल्या दोन राज्यांमधली बॉर्डर बंद आहे, नाहीतर गाडी काढून थेट क्वेकर्स हिलला तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलो असतो.

मयूराच्या हॉस्पिटलात शिफ्टवर शिफ्ट चालू आहेत, माझं युनिव्हर्सिटीचं काम घरून. त्यामुळे कौमुदीचं खाणंपिणं माझ्याकडे आलंय. गावाबाहेर ज्वारी काढणीला आलीय. नजर पोचेल तिथवर ज्वारी, आणि ती इथे गुरांना घालतात! दहा वर्षं बघतोय, तरी दर वेळी गाडी थांबवून बघत राहतो. आणि एवढं असूनही मार्चमध्ये दुकानातली तांदळाची फळी रिकामी दिसली तेव्हा मी मिळेल ते गाडीत भरत सुटलो. गराजमध्ये आता तांदूळ, डाळ, पिठाचे सहा ड्रम आहेत. आपल्या इचलकरंजीच्या खोलीत पिठाच्या एकुलत्या एक डब्यालाही झाकण नव्हतं, आई वर ताटली ठेवायची, आठवतं? माझ्या सहाही ड्रमना घट्ट झाकणं आहेत.

आता हसू नकोस. मी घरात नियम केला, की ताट चाटूनपुसून साफ झाल्याशिवाय उठायचं नाही. सात वर्षांची पोर ती. मंगळवारी तिला गार झालेल्या भाजीपुढे तासभर बसवलं आणि ती ओकली. तेव्हापासून मयूरा माझ्याशी कामापुरतंच बोलते. काल कौमुदीच्या कंपासपेटीत टिश्यूत गुंडाळलेले पोळीचे तुकडे सापडले, वाळून कडक झालेले. मी ओरडलो. ती अगदी शांतपणे, इंग्लिशमध्ये म्हणाली, की ड्रम संपले की बाबाला लागतील म्हणून ठेवलेत.

भूक म्हणजे काय हे जिला ठाऊक नाही, तिला मी भुकेची भीती दिली. ताई, ही आता परत कशी घेऊ? तू सांगशील ते करीन.

कितीही रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
सारंग

-----

क्वेकर्स हिल,
१९ एप्रिल २०२०

चि. सारंग यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यतिन म्हणाला, मामाने स्टँप लावला म्हणजे प्रकरण सिरियस आहे. रागावले, खूप रागावले. भांडी घासता घासता तुला बोलून घेतलं, तेव्हा ते इथे पुन्हा लिहीत नाही. त्याऐवजी कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगते.

आपली भाकरीची बुट्टी तुला आठवत असेल. शिंक्यात टांगलेली, आत फडक्यात बांधलेली एक भाकरी, उद्याची. तिला कुणी हात लावायचा नाही. बाबांचा माग बंद असायचा त्या दिवसांतही ती असायचीच. अर्धपोटी जेवण झालं की तू विचारायचास, उद्याची आहे ना? आई बुट्टी खाली घ्यायची, फडक्यावरून तुला हात फिरवू द्यायची, आणि मग तू खुशाल खेळायला लागायचास.

एका दुपारी आई मागाच्या कांड्या भरायला गेली होती. मी दहा वर्षांची, तू पाच. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. ट्रंकेवर चढून मी बुट्टी काढली, फडकं सोडलं. आत पिठाच्या डब्याचं झाकण होतं. नुसतं झाकण.

मी ते तसंच गुंडाळून ठेवलं, पण गाठ आईसारखी जमली नाही. संध्याकाळी आईने गाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. रागावली नाही, रडली नाही. झाकण माझ्या हातात दिलं आणि फडकं कसं घालायचं ते दाखवलं. हाताला भाकरीच लागली पाहिजे, म्हणून वर दोन जास्तीच्या घड्या. पुढे दोन वर्षं ते काम माझं होतं. कुणाला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं. तिला जाऊन सात वर्षं झाली, आज पहिल्यांदा तिचा शब्द मोडते.

सारंग, त्या बाईचा विचार आला की मी अजून थक्क होते. पोट भरणं तिच्या हातात नव्हतं, म्हणून तिने तुला निर्धास्त ठेवलं. मला ते मिळालं नाही. अजून झाकलेलं भांडं दिसलं की मी आधी उघडून बघते, यतिन हसतो. तुझी भीती तुझ्याजवळच राहू दे. पोरीला आईने तुला दिलं ते दे. आणि मयूराची माफी माग, आधी ते.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
ताई

-----

टूवूंबा,
२४ मे २०२०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गराजमध्ये ड्रमवर बसून वाचलं, आणि लगेच पुन्हा वाचलं. त्या फडक्याचा स्पर्श माझ्या बोटांना आठवतो. भाकरीच होती ती, मी शपथेवर सांगितलं असतं. इतकी वर्षं मी एका झाकणाच्या जोरावर खेळलो, शिकलो, इथवर आलो! आणि तू दहा वर्षांची पोर, रोज माझ्या नकळत ते फडकं बांधत होतीस.

चार ड्रम युनीतल्या आपल्याकडच्या मुलांना दिले. त्यांची हॉटेलातली कामं गेलीत आणि घरी जायला विमान नाही. मयूराची माफी मागितली. तिने गाडीत ड्रम चढवायला हात लावला आणि मग बोलायला लागली. कौमुदीला आजीची गोष्ट मोठी झाल्यावर सांगेन. नियम रद्द केला एवढं सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. ताट साफ करून माझ्याकडे बघत राहायची, मान्य आहे ना, असं. त्या नजरेने माझा जीव अर्धा व्हायचा.

आज मी ज्वारीची भाकरी थापली, वेडीवाकडी. कौमुदीने पीनट बटर लावून अर्धी खाल्ली आणि थांबली. मग हळूच म्हणाली, की पोट भरलं. मी बरं म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, खरंच उठू का. मी हो म्हटलं. ती धावत ट्रॅम्पोलिनवर गेली, एकदाही मागे वळून न बघता. मी जाऊन कंपासपेटी उघडली. आत नुसत्या पेन्सिली होत्या.

पोट भरलं म्हणून ताटात टाकून उठणारं आपल्या घरातलं हे पहिलं माणूस. मी खिडकीतून तिच्या उड्या बघत उभा राहिलो.

बॉर्डर उघडेपर्यंत अशीच पत्रातून माया करत राहा.

तुझा,
सारंग

ता. क. उरलेली अर्धी भाकरी मी फडक्यात बांधून ठेवली. वरून हात फिरवला, मग न राहवून उघडून बघितली. ताई, या वेळी आत भाकरी आहे.